संधि मिळणें आणि संधि करणें

इंग्रजी वाक्प्रचारांचीं मराठी भाषांतरें तपासण्याचें काम ज्यांच्या वांट्यास वर्षानुवर्षें आलें आहे, त्यांस एक गोष्ट हळूहळू दिसूं लागते. कांहीं वाक्प्रचारांचे मराठी जोडीदार हांकेच्या अंतरावर उभे असतात; कांहींना मात्र जोडीदार मुळींच सांपडत नाहीं, आणि मग विद्यार्थी शब्दास शब्द ठेवून मोकळा होतो. 'क्रिएट ऑपर्च्युनिटीज' हा प्रयोग या दुसऱ्या वर्गांतला. 'संधि निर्माण करणें' हें त्याचें भाषांतर आज शाळेच्या पुस्तकापासून मंत्र्यांच्या भाषणापर्यंत इतकें रुळलें आहे, कीं तें भाषांतर आहे हेंच कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. हा पाहुणा घरांत येण्यापूर्वीं संधीविषयीं आपल्या भाषेची समजूत काय होती, आणि तो आल्यावर त्या समजुतींत काय फरक पडला, हें पाहण्याचा या लेखांत आमचा विचार आहे. उदाहरणें होतां होईल तों हिंगोली जिल्ह्यांतलीं घेतलीं आहेत. हा जिल्हा परभणी जिल्ह्यांतून १ मे १९९९ रोजीं वेगळा झाला, म्हणजे वयानें अगदीं लहान. पण संधि येणें, संधि साधणें आणि संधि करणें या तिन्ही गोष्टींचे जे मासले त्याच्या पोटांत आहेत, ते भल्या मोठ्या जिल्ह्यांतहि सहसा एकत्र सांपडावयाचे नाहींत.

प्रथम सोपा वर्ग घेऊं. चालून आलेली संधि दवडूं नये, असें सांगणारे इंग्रजी वाक्प्रचार पुष्कळ आहेत आणि ते जुने आहेत. लोखंड तापलें आहे तोंवर घण घालावा, ही लोहाराच्या भट्टीवरची उपमा चौदाव्या शतकांत चॉसरच्या लेखनांत आढळते. ऊन आहे तोंवर गवत वाळवून घ्यावें, हें शेतकऱ्याचें शहाणपण जॉन हेवुडच्या १५४६ सालच्या म्हणींच्या संग्रहांत आलें आहे. संधि दाराशीं एकदांच येऊन कडी वाजविते, हा तिसरा. या तिसऱ्याला मराठींत जी म्हण आहे ती आमच्या मतें त्याहून सरस आहे: लक्ष्मी टिळा लावावयास आली असतां तोंड धुवावयास जाऊं नये. इंग्रजांची संधि कडी वाजवून निघून जाते. आमची लक्ष्मी कपाळापर्यंत येते, आणि तरीहि तिला चुकविणारा महाभाग असतोच.

लोखंडाची म्हणहि जशीच्या तशी आपली वाटते. लोहाराच्या जागीं तापल्या तव्यावर पोळी भाजून घेणारी गृहिणी आली, एवढाच फरक. पण येथेंच भाषांतरकारानें सावध राहिलें पाहिजे. 'ऊन आहे तोंवर गवत वाळव' हा उपदेश इंग्रज बाप आपल्या मुलाला मोकळ्या मनानें करतो. 'त्यानें आपली पोळी भाजून घेतली' हें मात्र आपण दुसऱ्याविषयीं बोलतों, आणि तेंहि नाक मुरडून. 'वाहत्या गंगेंत हात धुऊन घेतले' याचाहि सूर फारसा निराळा नाहीं. गवताच्या म्हणीसमोर ही गंगा लिहिणारा विद्यार्थी आम्हांस दरसाल भेटतो. अर्थ त्यानें बरोबर पकडलेला असतो, पण उपदेशाचा टोमणा झालेला असतो.

गवताच्या म्हणीचा खरा जोडीदार शोधावयाचा तर शब्दकोश बाजूस ठेवून कयाधूच्या कांठच्या शेतांत गेलें पाहिजे. इंग्लंडांत उन्हाळ्यांतहि उन्हाचा भरंवसा नसतो. कापलेलें गवत वाळण्यास सलग कांहीं कोरडे दिवस लागतात आणि ते मिळतीलच असें नाहीं. म्हणून तेथें ऊन हीच संधि. हिंगोली, सेनगांव, कळमनुरी या बाजूस उन्हाची टंचाई कोणास कधीं भासलेली नाहीं. तेथें संधि येते ती पावसाची. किंवा अधिक नेमकें बोलावयाचें तर पाऊस थांबल्यानंतरच्या ओलीची. मृगाचा पाऊस काळ्या रानांत पडला म्हणून लगेच पेरतां येत नाहीं. तिफण चिखलांत रुतते, फणाला माती चिकटते. फार थांबलें तर वरची ओल उडून जाते आणि बीं धुळींत पडतें. या दोहोंच्या मध्यें जे थोडे दिवस मिळतात त्यांस शेतकरी वापसा म्हणतो. मराठवाड्यांत व वऱ्हाडांत 'घात' असाहि शब्द आहे. 'घात आली' म्हणजे रान पेरण्याजोगें झालें. शहरांत वाढलेल्या वाचकास हें वाक्य ऐकून धसका बसेल, कारण त्याच्या कानाला घात म्हणजे नाश. खेड्यांतल्या मनुष्याला मात्र त्याच शब्दानें हुरूप येतो. 'घातीवर पेर' हें त्या इंग्रजी म्हणीचें प्रामाणिक मराठी होय. त्यांत आपमतलबाचा वास नाहीं, टोमणा नाहीं. परंतु एक गोष्ट त्यांतहि आहेच. घात येते, ती कोणी आणीत नाहीं.

मुळांत युरोपांतहि समजूत अशीच होती. 'ऑपर्च्युनिटी' हा शब्द ज्या लॅटिन शब्दावरून निघाला त्याचा मूळ अर्थ बंदराकडे नेणारा, म्हणजे अनुकूल वारा. वारा खलाशी करीत नाहीं. ग्रीकांनीं संधीला कैरॉस नांवाचा देव बनविलें, आणि लिसिपस या शिल्पकारानें त्याची मूर्ति घडविली. तिच्या कपाळावर केंसांची बट आणि मागें टक्कल. समोरून येतांना धरला तर धरला. पाठ फिरल्यावर हातास कांहीं लागत नाहीं. इंग्रजींतील 'काळाला कपाळावरच्या बटेनें धरणें' हा वाक्प्रचार या मूर्तीवरूनच निघाला. याचें 'काळाची शेंडी धरणें' असें भाषांतर आम्हीं वाचलें आहे. शेंडी असते मागें, आणि कैरॉसला नेमकें मागेंच टक्कल आहे, हें त्या भाषांतरकाराच्या ध्यानांत आलें असतें तर बरें झालें असतें!

ही मूर्ति बेकननें विलंबावरील आपल्या निबंधांत पुन्हां उभी केली आहे. पण त्याच पुस्तकांत, शिष्टाचारावरील निबंधांत, तो एक निराळीच गोष्ट जातां जातां बोलून जातो. शहाणा मनुष्य सांपडणाऱ्या संधींवर विसंबून राहत नाहीं, बहुतेक संधि तो आपल्या आपण घडवितो, अशा अर्थाचें तें विधान आहे. बेकनच्या निबंधांची अखेरची आवृत्ति १६२५ सालची. देवाच्या बटेवरून मनुष्याच्या हातावर नजर वळल्याची ही खूण एकाच पुस्तकाच्या दोन पानांत सांपडते, हें आम्हांस मोठें नवलाचें वाटतें. पुढें व्यापार, वसाहती आणि यंत्रें यांनीं ही नवी दृष्टि बळावली, आणि १८५९ सालीं सॅम्युएल स्माइल्सनें 'सेल्फ-हेल्प' लिहून तिला जवळजवळ धर्माचें रूप दिलें. भाषेंतहि भर पडत गेली. दाराच्या फटींत पाऊल अडकवून ठेवणें, हें दारोदार फिरणाऱ्या विक्रेत्याचें कसब. स्वतःसाठीं भिंतींत कोनाडा कोरून घेणें, वाटेला फरशी घालणें, ही गवंड्याची देणगी. अलीकडची 'संधीची खिडकी' तर अंतराळयान सोडण्याच्या मुदतीवरून रूढ झाली. तीहि खरें पाहतां जुन्या घातीचीच बहीण, कारण ग्रहांच्या गति कोणी जुळवून आणीत नाहीं.

आतां आपल्या घरीं येऊं. संधि म्हणजे दोन वस्तु जेथें जुळतात ती जागा. हाडांचा सांधा, व्याकरणांतला वर्णांचा मिलाफ, दोन राजांमधला तह, दिवस आणि रात्र यांच्या सीमेवरचा संधिप्रकाश, हीं सर्व त्याच एका अर्थाचीं रूपें. परंतु जेथें जोड असतो तेथें फटहि असते. संस्कृतांत चोरानें भिंतीला पाडलेल्या भगदाडालाहि संधि हेंच नांव आहे. हिंदींतील 'सेंध' हा त्याचा वंशज. मृच्छकटिकाच्या तिसऱ्या अंकांत शर्विलक चारुदत्ताच्या घराची भिंत फोडतो, तो प्रसंग वाचकांस आठवत असेल. भिंत कोठें फोडावी, भगदाड उमललेल्या कमळाच्या आकाराचें करावें कीं चंद्रकोरीच्या कीं भरल्या कुंभाच्या, याचा तो एखाद्या पंडिताप्रमाणें विचार करतो, आणि मापाची दोरी विसरल्यामुळें जानव्यानें माप घेतो. आमच्या जुन्या वाङ्मयांत 'संधि करणें' या विषयांतला अधिकारी पुरुष कोण असें विचारलें, तर आम्हांस तरी या गृहस्थाचेंच नांव सुचतें.

निजामी राज्यांत शेकडों वर्षें काढलेल्या मराठवाड्याच्या कानांवर आणखी दोन शब्द पडत आले. एक 'मोका'. अरबी भाषेंत त्याचा संबंध पडण्याशीं आहे. एखादी गोष्ट जेथें पडते, घडते, ती जागा. 'मोक्याची जागा' या मराठी प्रयोगांत तो मूळचा अर्थ अजून शाबूत आहे. दुसरा 'फुरसत'. अरबींत याचाच अर्थ संधि. आपल्याकडे पोंचेपर्यंत त्याचा अर्थ रिकामा वेळ झाला. संधीची विश्रांति कशी होते याचें याहून चांगलें उदाहरण भाषेच्या इतिहासांत मिळणें कठीण.

येथवर शब्दांचा विचार झाला. संधि करणाऱ्या एका जिवंत माणसाची गोष्ट हिंगोलींतच घडली आहे. हिंगोली ही निजामाच्या चाकरींतल्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. याच फौजेच्या खर्चापायीं १८५३ च्या तहानें वऱ्हाड इंग्रजांकडे गेला, आणि ती फौज १९०३ सालीं हिंदुस्थानच्या लष्करांत विलीन होईपर्यंत हिंगोलीची छावणी नांदती होती. निजामाच्या नोकरींत असलेल्या मेडोज टेलरनें १८३९ सालीं 'कन्फेशन्स ऑफ ए ठग' ही कादंबरी प्रसिद्ध केली. तिच्या प्रस्तावनेंत त्यानें हरिसिंग नांवाच्या व्यापाऱ्याची हकीगत दिली आहे. हा हरिसिंग हिंगोलीच्या छावणींतला प्रतिष्ठित दुकानदार. खुद्द टेलरनेंहि त्याच्याशीं देवघेव केलेली. हिंगोलीपासून फार दूर नसलेल्या एका गांवचा व्यापारी मुंबईहून कापड घेऊन येत आहे, अशी बातमी त्याला लागली. तेव्हां त्यानें मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडे अर्ज केला: मला मुंबईहून कापड आणावयाचें आहे, परवाना मिळावा. परवाना मिळाला. मग त्यानें वाटेंत तो व्यापारी, त्याचे नोकर आणि जनावरें हांकणारे यांचा खून केला, त्याच परवान्यावर माल हिंगोलीस आणला, आणि छावणीच्या बाजारांत उघड्यावर विकला. तो त्या भागांतील ठगांचा नायक होता, हें पुढें पकडला गेल्यावर त्याच्याच तोंडून कळलें. आणि ही हकीगत त्यानें एखादी थट्टा सांगावी तशी सांगितली.

सामान्य ठग शकुन पाहिल्यावांचून पाऊल टाकीत नसत, हें स्लीमनच्या लिखाणावरून सर्वांस माहीत आहे. खून करावयास निघालेला मनुष्यहि संधि दैवाकडे मागत होता! हरिसिंगानें त्यांत जी भर घातली ती परवान्याची. सरकारी शिक्क्याचा कागद आधीं, सावज मागून. बेकनच्या सूत्राचें इतकें तंतोतंत आचरण इंग्रजी न शिकलेल्या मनुष्यानें करावें, हें वाचून हंसावें कीं शहारावें तें कळत नाहीं.

हरिसिंगासारख्यांच्या अनुभवानेंच म्हणा, मराठी भाषा स्वतःसाठीं संधि करणाऱ्याकडे संशयानें पाहते. दारांत पाऊल अडकविण्याला आपल्याकडे 'चंचुप्रवेश' असा नेमका शब्द आहे. आधीं चोंच, मागून सारा पक्षी. तो आपण कौतुकानें क्वचित् वापरतों. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, ही म्हणहि तेंच सांगते. आणि 'संधिसाधू' हा तर शुद्ध अपशब्द झाला आहे. साधू या शब्दाची एवढी अप्रतिष्ठा दुसऱ्या कोणत्याहि समासांत झालेली आम्हांस ठाऊक नाहीं. इंग्रजींतहि 'ऑपर्च्युनिस्ट' ही शिवीच आहे हें खरें. पण तेथें शिवीच्या जोडीला शाबासकीचे शब्दहि आहेत. आपल्याकडे शाबासकी मिळते ती एकाच ठिकाणीं: 'मुहूर्तमेढ रोवणें'. आणि मेढ रोवली जाते ती दुसऱ्यांच्या लग्नासाठीं, चार माणसांच्या हातांनीं, सगळ्या गांवानें खालीं बसावें म्हणून. एकट्यानें स्वतःसाठीं भिंत फोडली तर ती सेंध. अनेकांसाठीं मांडव घातला तर ती मुहूर्तमेढ. मराठीनें संधि करण्याचे हे दोन प्रकार पहिल्यापासून निराळे ठेवले आहेत, आणि 'संधि निर्माण करणें' या नव्या प्रयोगानें ते एकाच पोत्यांत भरले, अशी आमची तक्रार आहे.

दाराच्याच रूपकांत बोलावयाचें तर हिंगोली जिल्ह्यांत याहून जुनी एक कथा आहे. नामदेवांचें नरसी तें हेंच, असें या भागाची परंपरा सांगते, आणि त्यांचे गुरु विसोबा खेचर यांचें नांव जवळच्या औंढा नागनाथाशीं जोडलेलें आहे. आख्यायिका अशी, कीं नामदेव औंढ्याच्या देवळासमोर कीर्तन करीत असतां पूजेस अडथळा होतो म्हणून त्यांस उठविण्यांत आलें. ते मुकाट्यानें देवळाच्या मागें गेले आणि तेथें कीर्तन करूं लागले. तेव्हां देऊळच फिरलें आणि दार त्यांच्यासमोर आलें. इतिहास म्हणून ही कथा कोणी सांगणार नाहीं. पण तींतलें व्याकरण पाहण्याजोगें आहे. नामदेवांनीं दार ठोठावलें नाहीं, फटींत पाऊल घातलें नाहीं, भिंतहि फोडली नाहीं. फिरलें तें देऊळ.

विसाव्या शतकांत हिंगोलीच्या मुलासमोर कोणतें दार होतें? घरीं मराठी, कचेरींत उर्दू, कारण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हैदराबाद संस्थानांत राजभाषा म्हणून फारसीची जागा उर्दूनें घेतली होती. १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ निघालें. देशी भाषेंतून सर्व उच्च शिक्षण देण्याचा हा धाडसी प्रयोग होता, आणि त्याचें श्रेय त्यास दिलें पाहिजे. पण ती देशी भाषा उर्दू होती, आणि इंग्रजी हा आवश्यक विषय होताच. मराठी बोलणाऱ्या मुलास पदवीपर्यंत पोंचावयाचें तर दोन परक्या पायऱ्या चढून हैदराबादेस, नाहींतर संस्थान सोडून वऱ्हाडांत किंवा पुण्यास जावें लागे. चढलेहि कांहीं. ज्यांच्या घरीं गाडीभाड्याची व दोन वेळच्या जेवणाची सोय होती ते चढले. त्यांना बेकन आणि स्माइल्स लागू पडत असतील. ज्यांच्या घरीं ती सोय नव्हती, त्यांच्या मुलांना ते पुस्तकांतहि भेटले नाहींत.

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामाची राजवट संपली. त्यानंतर पुढच्या दोन वर्षांत ज्या गोष्टी घडल्या त्यांचीं सालें एका ओळींत लिहून पाहावींत. २६ जानेवारी १९५० रोजीं राज्यघटना अंमलांत आली; तिच्या उद्देशिकेंत दर्जाच्या जोडीला संधीची समानता आली, आणि सोळाव्या अनुच्छेदांत सरकारी नोकऱ्यांपुरती तिला कायद्याची धार मिळाली. त्याच सालीं डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें तेव्हांच्या औरंगाबादेस महाविद्यालय काढलें, तें पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून नांवाजलें. त्याच सालीं नांदेडास स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकारानें पीपल्स कॉलेज निघालें. १९५८ सालीं मराठवाडा विद्यापीठ आणि १९९४ सालीं नांदेडचें विद्यापीठ आलें, आणि ज्या पदवीसाठीं हैदराबाद गांठावें लागे ती हिंगोलीच्या मुलाला एका दिवसाच्या जाण्यायेण्यांत आली. देऊळ फिरणें म्हणतात तें हें. फरक इतकाच, कीं येथें तें वर्गणी, वाद, अर्ज आणि विनावेतन किंवा अल्पवेतनावर राबणारे शिक्षक यांच्या खांद्यांनीं फिरविलें गेलें, आणि पुरतें फिरलें असेंहि म्हणवत नाहीं.

'संधि निर्माण करणें' या प्रयोगावर आमचा आक्षेप तो परका आहे म्हणून नाहीं. परके शब्द भाषेनें घ्यावेतच. मोका घेतला, फुरसत घेतली. आक्षेप आहे तो त्यांतला कर्ता गळून पडतो यावर. मराठीचा जुना प्रयोग 'मला संधि मिळाली' असा आहे. त्यांत 'मी' कर्ता नाहीं, चतुर्थींत उभा आहे, हात पुढें करून. यांत दैववाद आहे असें कोणी म्हणेल, आणि तें कांहीं अंशीं खरेंहि असेल; पण देणारा कोणीतरी आहे याची जाणीवहि त्या चतुर्थींतच आहे. नव्या प्रयोगाचें रूप बहुधा 'संधि निर्माण झाल्या पाहिजेत' असें असतें. व्यासपीठावरचे पुढारी हें वाक्य उच्चारतात तेव्हां तरुणांनीं त्या कराव्यात असा त्यांचा भाव असतो. समोर बसलेले तरुण टाळ्या देतात, त्या सरकारनें कराव्यात असें समजून. वाक्य एकच, आणि सभा आनंदांत पार पडते. म्हणून भाषांतराच्या तासाला हें वाक्य आलें, कीं कोणी आणि कोणाला हे दोन शब्द घातल्यावांचून तें पुढें जाऊं द्यावयाचें नाहीं, असा आम्हीं नियम केला आहे. हरिसिंगाच्या गोष्टीला हा नियम लावला तर दोन्ही जागीं एकच नांव येतें. १९५० सालच्या गोष्टींना लावला तर दोन्ही जागा निरनिराळ्या नांवांनीं भरतात, आणि दुसरी जागा बहुवचनी असते.

एका ठिकाणीं मात्र हा नियम आम्हांस अडतो. वसमत तालुक्यांतील कुरुंदा हें ज्यांचें मूळ गांव, ते नरहर कुरुंदकर १९३२ सालीं जन्मले, म्हणजे राजवट संपली तेव्हां सोळा वर्षांचे होते. परीक्षांच्या वाटेनें ते सरळ चालले नाहींत. पुष्कळ वर्षें नांदेडास शाळेंत शिक्षक होते, पुढें पीपल्स कॉलेजांत आले, आणि तेथेंच प्राचार्य झाले. १९८२ सालीं व्यासपीठावरच त्यांचा अंत झाला. वाचन, बुद्धि आणि बोलणें हीं त्यांचीं स्वतःचीं. तीं कोणत्याहि संस्थेनें दिलेलीं नव्हतीं. पण नांदेडास तें कॉलेज नसतें तर मराठवाड्याला ते लाभले असते कीं नाहीं, कोण सांगेल? त्यांच्याविषयीं वाक्य लिहावयाचें तर त्यांना कर्ता करावें कीं चतुर्थींत ठेवावें, यावर आमच्या वर्गांत दरसाल वाद होतो, आणि तास संपल्याची घंटा होते.